गुडघ्याच्या कूर्चेतले रिसेप्टर रुग्णाला कसे समजावून सांगावेत

नाशिकमधील कोणत्याही अस्थिरोग विभागाबाहेरच्या बाकावर अर्धा तास बसले, की दोन वाक्ये हमखास कानावर पडतात: "गादी झिजली" आणि "वंगण संपले". दिंडोरीच्या द्राक्षबागेत विरळणीला जाणारी मजूर बाई असो की कॉलेज रोडवरचे निवृत्त बँक अधिकारी, शब्द तेच असतात. ते त्यांनी स्वतः शोधलेले नसतात. घाईगर्दीत आपणच, म्हणजे डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि परिचारिका यांनीच, ते त्यांच्या हाती दिलेले असतात. शरीरक्रियाशास्त्र शिकवताना मीही काही वर्षे हीच उपमा वापरली. पुढे लक्षात आले की ऐकणारा माणूस तिचा अर्थ अगदी तर्काला धरून लावतो: जी वस्तू वापरल्याने झिजते ती कमी वापरावी, आणि ज्याचे वंगण संपले त्यात बाहेरून वंगण ओतावे. पहिल्या निष्कर्षापायी तो चालणे सोडतो आणि दुसऱ्यापायी पावडरींच्या मागे लागतो.

फिजिओथेरपीचे आंतरवासीय विद्यार्थी, परिचारिका, गावोगाव फिरणाऱ्या आशाताई आणि घरात सगळ्यांचे रिपोर्ट ज्याच्यापुढे टाकले जातात असा एखादा शिकलेला भाचा, यांच्यासाठी हे लिहिले आहे. झीज या शब्दाच्या जागी गुडघ्याच्या कूर्चेतली एक जिवंत पेशी उभी करणे, ती आपल्या रिसेप्टरांनी, म्हणजे कानांनी, काय ऐकते आणि ऐकून काय करते ते सांगणे, एवढेच काम आहे आणि त्याला पंधरा मिनिटे पुरतात. औषधयोजना मात्र डॉक्टरांची. ती या पंधरा मिनिटांत बसवू नये.

आधी कूर्चा दाखवावी

न पाहिलेल्या वस्तूबद्दल बोलण्यात अर्थ नसतो. मी वर्गात चिकनच्या दुकानातून आणलेली कच्ची तंगडी वापरतो. दुकानदाराला सांधा शाबूत ठेवायला सांगावे लागते, नाहीतर तो सवयीने नेमका तिथेच सुरा चालवतो. सांधा उघडला की हाडाच्या टोकावर निळसर पांढरा, ओल्या काचेसारखा चमकणारा थर दिसतो. हीच कूर्चा, रुग्ण जिला गादी म्हणतो ती. त्यावरून बोट फिरवावे. ते अक्षरशः निसटते. अंगठ्याचे नख दाबून धरावे आणि सोडावे. पडलेला खळगा लगेच न भरता सावकाश भरतो. मग ब्लेडने पातळ काप घ्यावा. रक्ताचा थेंब येत नाही. ब्रॉयलर कोंबडी वयाने लहान असल्याने तिचा थर तुलनेने जाड असतो, हे विद्यार्थ्यांना सांगून ठेवावे. रुग्ण शाकाहारी असेल तर हा प्रयोग मोबाइलवर चित्रित करून ठेवलेला बरा. पंचवटीतल्या एका आजीबाईंसमोर मी हाड काढले तेव्हा पुढची दहा मिनिटे वायाच गेली.

या तीन निरीक्षणांतून जवळजवळ सगळे सांगता येते. रक्त आले नाही, कारण कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, चेतातंतूही नसतात. खळगा सावकाश भरला, कारण कूर्चेच्या वजनात साधारण 65 ते 80 टक्के पाणी असते आणि दाबल्यावर बाजूला गेलेले ते पाणी अॅग्रेकन नावाचे मोठे रेणू पुन्हा खेचून घेतात. हे रेणू जागेवर राहतात ते टाइप-2 कोलाजेनच्या धाग्यांच्या जाळ्यामुळे. माणसाच्या गुडघ्यात हा थर सर्वसाधारणपणे 2 ते 4 मिलिमीटरचा असतो, वाटीच्या मागे त्याहून जाड. पेशी मात्र त्यात फार थोड्या असतात, एकूण आकारमानाच्या जेमतेम 1 ते 5 टक्के, आणि प्रत्येक पेशी आपल्या खोबणीत एकटी किंवा दोघी-तिघींच्या घोळक्यात असते. त्यांना अन्न पोहोचते ते सांध्यातल्या द्रवातून, भार पडताना पाणी बाहेर आणि भार हटताना आत अशा ये-जा करण्यातून.

जुन्या नाशिकमधले मोठे वाडे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना मी असे सांगतो की कूर्चा म्हणजे चाळीस खणांचा वाडा आणि त्याला एकच राखणदार. तो अंधाऱ्या खोलीत बसलेला आहे, बाहेर जाऊ शकत नाही, त्याला काही दिसत नाही. वाड्यात काय चालले आहे ते त्याला कळते फक्त कानोसा घेऊन. हे कान म्हणजेच रिसेप्टर. मराठी पाठ्यपुस्तकात त्यांना ग्राही म्हणतात, पण तो शब्द रुग्णापुढे काढण्याची गरज नाही. रिसेप्टर हा शब्द मधुमेहाच्या निमित्ताने अनेकांनी ऐकलेला असतो.

कुलूप-किल्ली नको, कानच बरे

रिसेप्टर समजावताना पाठ्यपुस्तके कुलूप आणि किल्लीची उपमा देतात. परीक्षेपुरती ती ठीक आहे. रुग्णासमोर मी ती टाळतो, कारण किल्ली फिरली की कुलूप उघडते एवढेच तिच्यातून कळते आणि कूर्चेच्या आजारातली, म्हणजे झिजेच्या संधिवातातली, खरी गंमत त्यापुढे आहे: निरोप एकच असला तरी तो कोणत्या कानाने ऐकला यावर पेशीची कृती ठरते. टीजीएफ-बीटा हा कूर्चेतला एक महत्त्वाचा संदेशवाहक घ्या. पेशीने तो एएलके-5 या रिसेप्टरमार्फत ऐकला तर नवे जाळे विणण्याचे आणि असलेले सांभाळण्याचे काम चालते. एएलके-1 मार्फत ऐकला तर पेशी हाड बनण्याच्या वाटेवरच्या पेशीसारखी वागू लागते आणि एमएमपी-13 हे कोलाजेन तोडणारे एन्झाइम बनवते. उंदरांत वय वाढले आणि आजार सुरू झाला की या दोन कानांचे प्रमाण दुसऱ्या बाजूला झुकते, असे दिसून आले आहे. म्हणून "टीजीएफ-बीटा वाढवणारे" असे काही कुणी विकायला आणले, तर ते कोणत्या कानापर्यंत जाणार हा पहिला प्रश्न.

विद्यार्थ्यांसाठी यंत्रणा थोडक्यात: रिसेप्टर हे बहुधा पेशीच्या आवरणात रोवलेले प्रथिन असते. त्याच्या बाहेरच्या टोकाला ठरावीक रेणू चिकटला, किंवा आवरणच ताणले गेले, की त्याचा आकार बदलतो. आतल्या टोकाशी रेणूंची साखळी हलू लागते आणि ती केंद्रकापर्यंत पोहोचली की कोणती प्रथिने बनवायची हे ठरते. कूर्चेच्या आजारात या साखळ्यांपैकी बऱ्याच एनएफ-कप्पा-बी या एका नाक्यावर येऊन मिळतात आणि तिथून दोन प्रकारच्या कात्र्या तयार होण्याचा आदेश निघतो. एमएमपी-13 ही कोलाजेनची कात्री आणि अॅडॅम्ट्स-4 व अॅडॅम्ट्स-5 या अॅग्रेकनच्या कात्र्या. अॅडॅम्ट्स-5 नसलेल्या उंदरांची कूर्चा बरीच सुरक्षित राहते हे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हापासून औषध शोधणाऱ्यांचा या कात्रीवर डोळा आहे. इस्ट्रोजेन आणि कॉर्टिसॉल यांचे रिसेप्टर पेशीच्या आत असतात; हा अपवाद तोंडी परीक्षेत हमखास विचारला जातो.

पडझडीचा आवाज

वेळ कमी असेल तर बाकी सगळे सोडून हा एकच भाग सांगावा. कूर्चा बिघडू लागली की बिघाड स्वतःला का वाढवत नेतो, हे यातून कळते.

पेशीच्या आवरणावर इंटेग्रिन नावाचे रिसेप्टर असतात आणि त्यांनी पेशी भोवतालच्या जाळ्याला धरून ठेवलेली असते. अल्फा-5 बीटा-1 हा त्यांतला एक. तो फायब्रोनेक्टिन या प्रथिनाला पकडतो. फायब्रोनेक्टिन अखंड असेपर्यंत सारे ठीक आहे असा निरोप आत जातो. दुखापतीने किंवा सततच्या चुकीच्या भाराने त्याचे तुकडे झाले, की तेच तुकडे त्याच रिसेप्टरला चिकटून वेगळी साखळी हलवतात आणि पेशी कात्र्या बनवू लागते. कात्र्यांनी जाळे आणखी तुटते आणि आणखी तुकडे पडतात.

डीडीआर-2 ची गोष्ट तर मला याहून बोलकी वाटते. हा रिसेप्टर टाइप-2 कोलाजेनला ओळखतो. पण निरोगी कूर्चेत प्रत्येक पेशीभोवती टाइप-6 कोलाजेनचे एक पातळ वेष्टन असते आणि त्यामुळे बाहेरच्या टाइप-2 कोलाजेनचा पेशीला थेट स्पर्श होत नाही. वेष्टन फाटले की स्पर्श होतो, डीडीआर-2 जागा होतो आणि पुन्हा एमएमपी-13 चा आदेश निघतो. भिंतीचा गिलावा पडून वीट उघडी पडावी आणि ती पाहून राखणदाराने कुदळ उचलावी, असा हा प्रकार आहे.

तिसरे कान टोल-लाइक रिसेप्टरांचे. टीएलआर-2 आणि टीएलआर-4 हे मुळात जंतूंची चाहूल घेण्यासाठी असतात. हायलुरोनन या लांब साखळीच्या रेणूचे तुकडे, तुटलेल्या जाळ्यातून सुटलेली प्रथिने आणि ताणाखालच्या पेशींनी सोडलेले काही रेणू त्यांना जंतूंसारखेच वाटतात. चोर शिरला असे समजून राखणदार वाड्यातल्याच तुळया उपसून दाराला लावतो. सिनेमातल्यासारखे वाटले तरी रुग्णांना हे चित्र लगेच पटते, आणि ते चूकही नाही: ही पेशी आजारी आहे ती आळशीपणाने नाही, चुकीच्या ठिकाणी दाखवलेल्या तत्परतेने.

आता वेळेचा हिशेब. माणसाच्या कूर्चेतल्या कोलाजेनचे अर्धायुष्य शंभर वर्षांहून जास्त असल्याचा अंदाज आहे. म्हणजे वाढीचे वय संपल्यावर हे जाळे जवळजवळ नव्याने विणले जातच नाही. अॅग्रेकन पुन्हा बनते, कोलाजेनचे जाळे मात्र एकदा तुटले की गेले. कोलाजेनची पावडर दुधातून घेतल्यावर ती पचून अमिनो आम्ले होतात, त्यांतली काही गुडघ्यापर्यंत पोहोचतीलही, पण गवंडीच काम करत नसताना विटा आणून टाकण्यासारखे ते आहे. पावडर घेणाऱ्या रुग्णाशी यावरून वाद घालू नये. महिन्याला किती खर्च होतो एवढे विचारावे आणि पुढे जावे.

भाराचा आवाज

व्यायामाचा सल्ला पटवायचा असेल तर हा भाग नीट तयार करून जावे, कारण "डॉक्टर म्हणतात चाला, आणि चाललं की दुखतं" या तक्रारीचे उत्तर इथे आहे.

पेशी भार ऐकते. पीझो-1 आणि पीझो-2 या, ताणाने उघडणाऱ्या झडपा आर्डेम पटापुटियन यांच्या प्रयोगशाळेने 2010 मध्ये ओळखल्या आणि 2021 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल त्यांना डेव्हिड ज्युलियस यांच्यासोबत मिळाले. कूर्चेच्या पेशीत या झडपा आहेत. शिवाय टीआरपीव्ही-4 नावाची आणखी एक आहे. झडप उघडली की कॅल्शियम आत शिरते, दोन्हींत तेच. पण टीआरपीव्ही-4 नेहमीच्या, सौम्य भाराला प्रतिसाद देते आणि तिच्यामार्फत बांधणीचे काम वाढते, तर पीझो अतितीव्र ताणाला उघडतात आणि तो ताण फार झाला तर पेशी मरते. प्रयोगशाळेत कूर्चेचा तुकडा तालात दाबला आणि सोडला तर अॅग्रेकनची निर्मिती वाढते. तोच तुकडा दाबून तसाच धरून ठेवला तर ती घटते. आणि भारच नाहीसा झाला तर? मणक्याच्या दुखापतीने पाय लुळे पडलेल्या माणसांच्या गुडघ्यांची कूर्चा महिन्यामहिन्यांनी पातळ होत जाते. ज्याचा गुडघा वापरलाच जात नाही त्याचीही गादी कमी होते, हे सांगितले की "वापरल्याने झिजते" हे गणित तिथेच कोसळते.

निफाड, येवला, चांदवड भागातून येणाऱ्या बायकांशी बोलताना मी कांद्याचे उदाहरण घेतो. कांदा काढून झाला की पात कापायला त्या दिवसभर उकिडव्या बसतात. त्या वेळी गुडघा पूर्ण दुमडलेला, भार एकाच जागी आणि सुटका नाही. म्हणजे प्रयोगशाळेतला दाबून धरलेला तुकडा. चीनमध्ये बीजिंगच्या वृद्धांवर झालेल्या पाहणीत तरुणपणी रोज कितीतरी वेळ उकिडवे बसण्याचा आणि गुडघ्याच्या संधिवाताचा संबंध आढळला होता, आणि आपल्याकडे काम, स्वयंपाक आणि शौचालय या तिन्ही ठिकाणी तीच बैठक आहे. काम सोडा असे सांगून उपयोग नाही. वीतभर उंचीचे लाकडी स्टूल घ्या, पाय आळीपाळीने पुढे सोडा, ढीग उरकेपर्यंत न थांबता दर अर्ध्या तासाला उठून विहिरीपर्यंत जाऊन या, हे सांगता येते आणि त्या करतातही. शौचालयात खुर्ची बसवणे हा सगळ्यांत स्वस्त उपचार आहे, असे माझे मत झाले आहे.

सुजलेल्या गुडघ्याला मात्र वेगळा नियम. डुकराच्या कूर्चापेशींवरच्या प्रयोगांत आढळले की इंटरल्युकिन-1 या दाहकारक संदेशवाहकाने पेशीवरचे पीझो-1 वाढते. म्हणजे दाह चालू असताना पेशीचे कान तिखट होतात आणि एरवी सोसणारा भार तिला मोठा वाटू शकतो. म्हणून सूज आणि उष्णता असलेल्या आठवड्यात पायऱ्या आणि लांब चालणे कमी करून, खुर्चीत बसून गुडघा सरळ करणे, मांडीचा स्नायू आवळून दहापर्यंत मोजणे, असे व्यायाम द्यावेत आणि सूज उतरल्यावर चालणे पुन्हा वाढवावे. किती वाढवावे याला सोपी कसोटी आहे: आज केलेल्या व्यायामाचे दुखणे उद्या सकाळपर्यंत नेहमीच्या पातळीवर आले, तर मात्रा बरोबर; आले नाही, तर थोडी कमी करावी, बंद करू नये. गोल्फ क्लब मैदानावर दोन फेऱ्या जमणाऱ्याने एकदम सहा मारून आठवडाभर अंथरूण धरण्यापेक्षा अडीच माराव्यात. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या चढण्याचा नवस असेल तर वर जायला फ्युनिक्युलर ट्रॉली आहे याची आठवण करून द्यावी. देवीला ती चालते, असे एका पुजाऱ्यांनीच माझ्या रुग्णाला सांगितले होते.

शेजारून येणारे निरोप

कूर्चेची पेशी एकटी असली तरी सांध्याचे अस्तर, खालचे हाड आणि वाटीखालची चरबी हे शेजारी सतत काहीतरी कळवत असतात. अस्तरातून इंटरल्युकिन-1 आणि टीएनएफ हा तसाच दुसरा दाहकारक संदेशवाहक येतात, पेशीवर त्यांचे रिसेप्टर आहेत, आणि दोन्हींचा निरोप त्याच नाक्यावरून कात्र्यांकडे जातो. चरबीतून लेप्टिन हे संप्रेरक येते. त्याचाही रिसेप्टर कूर्चापेशीवर आहे. स्थूल व्यक्तींत बोटांच्या सांध्यांचा संधिवातही जास्त आढळतो आणि बोटांवर तर कुणी चालत नाही, म्हणून वजनाचा परिणाम केवळ ओझ्याचा नाही, असे समजले जाते. ओझ्याचा हिशेबही काही लहान नाही: शरीराचे 1 किलो वजन घटले की चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोने कमी होतो, असे 2005 मध्ये मोजले गेले. हा आकडा रुग्णांना पाठ होतो. पाळी थांबल्यावर बायकांचे गुडघे का बोलू लागतात, या प्रश्नाच्या उत्तरात इस्ट्रोजेन रिसेप्टरांचा वाटा असावा, पण त्यावरची माहिती इतकी सरळ नाही आणि तिथे मी फार खोलात शिरत नाही.

चिकुनगुनियाचा प्रश्न नाशिकमध्ये येतोच. 2006 ची साथ लोक विसरलेले नाहीत, आणि "तेव्हापासून सांधे गेले" असे सांगणारे दर आठवड्याला भेटतात. हा विषाणू पेशीत शिरताना एमएक्सआरए-8 या रिसेप्टरचा आधार घेतो, हे 2018 मध्ये कळले, आणि तो रिसेप्टर कूर्चेच्या पेशींवरही आहे. तरी त्या तापानंतर महिनोन्महिने टिकणारे दुखणे मुख्यतः अस्तराच्या दाहाचे असते. त्याला झिजेच्या संधिवाताच्या खात्यात टाकू नये आणि तपासणीसाठी डॉक्टरांकडे पाठवावे.

मग दुखते ते कुठे

कूर्चेत चेतातंतू नाहीत हे आधी सांगितले असेल, तर हुशार रुग्ण इथे अडवतो. दुखते ते अस्तर, सांध्याची पिशवी आणि कूर्चेखालचे हाड, आणि त्या वेदनेचे रिसेप्टर वेगळ्याच पेशींवर, चेतापेशींवर असतात. एक्स-रेवरची श्रेणी आणि दुखणे यांचा मेळ बसत नाही तो यामुळेच. श्रेणी 0 ते 4 अशी असते, ती 1957 पासून वापरात आहे, आणि श्रेणी 2 चा माणूस रडतो तर श्रेणी 3 चा त्र्यंबकेश्वरला जाऊन ब्रह्मगिरीची फेरी मारून येतो.

वेदनेचा एक रिसेप्टर मात्र प्रत्येक घरात ओळखीचा आहे. ठेचा करताना मिरची हाताला लागली की तासभर आग होते; ती टीआरपीव्ही-1 या झडपेमुळे. उष्णता ओळखणाऱ्या याच झडपेला मिरचीतले कॅप्सेसिन उघडते, म्हणून मेंदूला हात भाजल्याचा निरोप जातो. डेव्हिड ज्युलियस यांनी 1997 मध्ये ती शोधली. कॅप्सेसिनचे मलम गुडघ्यावर दिवसातून तीन-चार वेळा नेमाने लावले तर पहिले काही दिवस आग होते आणि दोन-चार आठवड्यांत तिथल्या चेतातंतूंची संवेदना बोथट होते. आग झाली म्हणून दुसऱ्या दिवशी मलम टाकून देणारे फार, म्हणून हे आधीच सांगावे. लावून झाल्यावर हात साबणाने धुवावेत, फुटलेल्या त्वचेवर लावू नये, वर शेक घेऊ नये, आणि ठेचा बांधण्याचा घरगुती प्रयोग करू नये. त्याने आलेले फोड मी पाहिले आहेत.

वेदनेचा रिसेप्टर बंद केला की काम झाले, असेही नाही. एनजीएफ हा संदेशवाहक टीआरकेए या रिसेप्टरमार्फत चेतापेशींना जागे करतो. त्याला बांधून ठेवणारे टॅनेझुमॅब हे प्रतिपिंड औषध दुखणे खरोखर कमी करत होते. पण काही रुग्णांचे सांधे फार वेगाने नष्ट होऊ लागले, 2010 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने चाचण्या थांबवल्या, त्या पुन्हा सुरू झाल्या, आणि 2021 मध्ये सल्लागार समितीने 19 विरुद्ध 1 मतांनी औषधाच्या विरोधात कौल दिल्यावर कंपनीने तो नाद सोडला.

मोबाइलवर आलेल्या बातमीची परीक्षा

"कूर्चा परत उगवणारे औषध सापडले" हा निरोप रुग्णाच्या मोबाइलवर दर दोन महिन्यांनी येतो. त्याला हसून वाटेला लावू नये. औषध कोणत्या पेशीच्या कोणत्या रिसेप्टरपर्यंत जाते, प्रयोग उंदरांवर होता की माणसांवर, आणि माणसांवर असेल तर मोजले काय, थराची जाडी की दुखणे, हे त्याच्यासोबत बसून पाहावे. शेवटचा मुद्दा सगळ्यांत महत्त्वाचा. स्प्रिफर्मिन हे एफजीएफआर-3 या बांधणीच्या रिसेप्टरला जागवणारे इंजेक्शन आहे. 549 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष 2019 मध्ये आले, तेव्हा जास्त मात्रेच्या गटात कूर्चा खोट्या, म्हणजे औषध नसलेल्या, इंजेक्शनच्या तुलनेत दोन वर्षांत सरासरी 0.05 मिलिमीटरने जाड भरली, पण दुखण्यात ठळक फरक पडला नाही. बातमीत पहिले वाक्य असते, दुसरे नसते.

आमवाताच्या रुग्णाला टीएनएफ रोखणाऱ्या इंजेक्शनाने उभे केलेले ज्याने पाहिले आहे, तो आपल्या गुडघ्यासाठीही तेच मागतो. आमवातात अस्तरातला दाह हाच मुख्य सूत्रधार असतो, म्हणून तिथे तो कान बंद करून फळ मिळते. झिजेच्या संधिवातात मात्र टीएनएफ आणि इंटरल्युकिन-1 रोखणाऱ्या औषधांच्या चाचण्या निराशाजनक निघाल्या, कारण इथे राखणदाराला एकाच वेळी दहा कानांनी वाईट बातम्या येत असतात. सांध्यातले स्टेरॉइडचे इंजेक्शन काही आठवडे आराम देते. पण 140 रुग्णांच्या चाचणीत दोन वर्षे दर तीन महिन्यांनी ते दिलेल्या गटाची कूर्चा सरासरी 0.21 मिलिमीटरने घटली, सलाइनच्या गटात 0.10 ने, आणि दुखण्यात शेवटी फरक उरला नाही, हे 2017 मध्ये प्रसिद्ध झाले. लग्नसराईत दोन दिवस उभे राहण्यासाठी एखादे इंजेक्शन वेगळे, आणि दर तिमाहीचा रतीब वेगळा. सांध्यांसाठी विकल्या जाणाऱ्या ग्लुकोसामाइन या पूरकाबद्दल 2006 च्या 1583 रुग्णांच्या अमेरिकी चाचणीत एकूण गटाला लक्षणीय लाभ दिसला नव्हता, एवढे सांगणे पुरते.

सध्या सर्वाधिक विचारणा सेमाग्लुटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनाची आहे. ते जीएलपी-1 या आतड्यातल्या संप्रेरकाच्या रिसेप्टरवर काम करते आणि भूक कमी करते. 2024 च्या चाचणीत स्थूल आणि गुडघेदुखी असलेल्या 407 जणांपैकी औषधाच्या गटाचे वजन 68 आठवड्यांत सरासरी 13.7 टक्के आणि दुसऱ्या गटाचे 3.2 टक्के घटले. वेदनेचे गुण, शंभराच्या मापावर, अनुक्रमे 41.7 आणि 27.5 ने उतरले. हे निष्कर्ष चांगले आहेत. तरीही तो दुसरा आकडा मी विद्यार्थ्यांना फळ्यावर मोठा लिहून दाखवतो, कारण ज्यांना औषध नव्हतेच, फक्त आहार आणि हालचालीचा सल्ला व खोटे इंजेक्शन होते, त्यांचेही दुखणे इतके कमी झाले. गुडघेदुखीत कुणी काहीही देऊन "मला फरक पडला" असे म्हणणारे शंभर लोक उभे करू शकतो, ते कसे, हे या एका आकड्यात आहे.

समजले की नाही हे पाहताना

"समजले का?" असे विचारू नये, नाशिकमध्ये त्याचे उत्तर नेहमी "हो" असते. घरी गेल्यावर जावेला काय सांगाल, असे विचारावे आणि गप्प बसावे. गुडघ्यात कुणीतरी राखणदार आहे, त्याला हलका, चालता-थांबता भार आवडतो, एकाच जागी दाबून धरलेला आवडत नाही, आणि सूज असताना त्याला थोडे सांभाळून घ्यायचे, एवढे तिच्या शब्दांत आले तर पंधरा मिनिटे सार्थकी लागली. एनएफ-कप्पा-बी आले नाही तरी बिघडत नाही.

काही गुडघे या गप्पांचे नसतात. एकाएकी लाल, गरम होऊन ताप आलेला सांधा, पडल्यावर भार न सोसणारा पाय, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडणारे दोन्ही हातांचे सांधे, रात्री झोपेतून उठवणारे आणि वाढत जाणारे दुखणे, यांना त्याच दिवशी डॉक्टरांपुढे न्यावे; वाड्याची गोष्ट नंतर सांगता येते.

पुढच्या भेटीसाठी वहीत तीन ओळी पुरतात: खुर्चीतून हात न टेकता किती वेळा उठता आले, किती चालल्यावर थांबावे लागले आणि दुसऱ्या सकाळी दुखणे कुठे होते. पुढच्या भेटीत रुग्णाच्या तोंडी "वंगण" हा शब्द पुन्हा आला, आणि तो बहुधा येतोच, तर तो खोडत बसू नये. तंगडीचा तुकडा पुन्हा आणावा, या वेळी ब्लेड आणि नख रुग्णाच्याच हाती द्यावे, आणि खळगा भरायला किती वेळ लागतो ते त्यालाच मोजू द्यावे.